सिनेटमधली खुर्ची रिकामी राहते तेव्हा: विद्यापीठाचा कारभार कोण, कसा चालवतं?

मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवरच्या पदवीधर गटाची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये अचानक स्थगित झाली. वर्षभराने पुन्हा तारीख ठरली, २२ सप्टेंबर २०२४. मतदानाला दोन दिवस उरले असताना ती पुन्हा थांबवण्यात आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने स्थगिती उठवली आणि अखेर २४ सप्टेंबरला मतदान झालं. त्या आठवड्यात बातम्यांचा भर कोणत्या पक्षाचं पॅनेल जिंकलं यावर होता. दहाच जागांसाठी सरकार, विद्यापीठ आणि न्यायालय यांची एवढी धावपळ का झाली, हा प्रश्न मात्र बहुतेकांच्या मनात तसाच राहिला. ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी विद्यापीठात शिकतं त्यांनाही 'सिनेट' म्हणजे नेमकं काय, हे धड माहीत नसतं.

## विद्यापीठाला मालक नसतो

सार्वजनिक विद्यापीठ सरकारच्या पैशांवर चालतं, पण ते सरकारी खातं नाही. विधिमंडळाने केलेल्या कायद्यातून ते जन्माला येतं आणि आपला कारभार आपणच बघतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, अमरावती अशा अकृषी विद्यापीठांना आज 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६' लागू आहे. १ मार्च २०१७ पासून तो अमलात आला आणि १९९४ चा जुना कायदा गेला.

हा कारभार समजून घ्यायला गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांपुढे आणा. सोसायटीत सगळ्या सभासदांची सर्वसाधारण सभा असते. ती वर्षातून एक-दोनदाच भरते, पण हिशेब तिच्यापुढे मांडावेच लागतात. रोजचा कारभार कार्यकारिणी बघते. विद्यापीठातली सर्वसाधारण सभा म्हणजे अधिसभा, बोलीभाषेत सिनेट. कार्यकारिणी म्हणजे व्यवस्थापन परिषद. इथून पुढे मात्र सोसायटी सोडून द्यावी लागते, कारण विद्यापीठाचं मुख्य काम शिकवण्याचं. ते काय आणि कसं शिकवायचं हे ठरवायला विद्या परिषद आहे आणि तिच्या हाताखाली प्रत्येक विषयाचं अभ्यास मंडळ.

नियमही तीन थरांत होतात. मोठे आणि कायमस्वरूपी नियम म्हणजे परिनियम. ते अधिसभा करते आणि त्यांना कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, संमती लागते. त्याखालचे अध्यादेश व्यवस्थापन परिषद करते. शिक्षणाशी संबंधित बारकाव्यांचे विनियम विद्या परिषदेकडे असतात. 'युनिव्हर्सिटीने नियम बदलला' असं आपण सरसकट म्हणतो. तो यांपैकी कुणी बदलला हे कळलं की दाद कुठे मागायची तेही कळतं.

## त्या सभागृहात बसतं कोण?

कलम २८ मध्ये अधिसभेची रचना आहे. अध्यक्ष कुलपती, प्रत्यक्षात बहुतेक वेळा कुलगुरूच बैठक चालवतात. पदामुळे सदस्य झालेले अधिष्ठाते, संचालक, वित्त व लेखा अधिकारी, शिक्षण खात्याचे अधिकारी हा एक मोठा गट असतो. मग निवडून येणारे: संलग्न महाविद्यालयांतले १० शिक्षक, विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतले ३ शिक्षक, १० प्राचार्य, संस्थाचालकांचे ६ प्रतिनिधी आणि नोंदणीकृत पदवीधरांचे १०. कुलपती आणखी १० जणांना नामनिर्देशित करतात. विधिमंडळाचे सदस्यही असतात. विद्यार्थ्यांच्या वाट्याला दोन जागा: विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव.

पदवीधरांच्या दहांपैकी पाच जागा खुल्या. उरलेल्या पाच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक.

अधिसभा वर्षातून किमान दोनदा भरते. मार्चच्या आसपासची बैठक अर्थसंकल्पाची, म्हणून सगळ्यात महत्त्वाची. वसतिगृहाच्या दुरुस्तीला किती, परीक्षा विभागाला किती, ग्रंथालयाला किती, हे जाहीरपणे विचारायची जागा तीच. सदस्य लेखी प्रश्न देतात, ठराव मांडतात. विद्यापीठाला उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर नोंदलं जातं. सिनेटचं बळ या नोंदीत आहे, कारण नोंदवलेलं आश्वासन पुढच्या बैठकीत पुन्हा काढून दाखवता येतं.

ज्यांना रोजच्या निर्णयांत हात हवा असतो त्यांचं लक्ष मात्र व्यवस्थापन परिषदेवर असतं. तिथे अधिसभेतून आठ जण निवडून जातात: प्राचार्य, शिक्षक, संस्थाचालक आणि पदवीधर या गटांतून प्रत्येकी दोन. खरेदी, नेमणुका, इमारती, करार हे सगळं तिथून जातं. कुलगुरूंच्या निवडीचा एक धागाही इथेच आहे. नावं सुचवणाऱ्या शोध समितीवर व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद मिळून एक सदस्य पाठवतात. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या निवडीच्या नियमांचा नवा मसुदा काढला तेव्हा अनेक राज्यांनी विरोध केला. भांडण मुख्यतः राज्य सरकारचा त्या समितीवरचा माणूस वगळला जाण्यावरून होतं. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवायचं ते हे की विद्यापीठाच्या मंडळाने पाठवायचा माणूस त्या मसुद्यातही कायम होता. तो कोण असावा हे ठरवणाऱ्या परिषदेतच निवडून आलेले लोक नसतील, तर त्या जागेला अर्थ उरत नाही.

## मत कसं देतात आणि कुठे बाद होतं

विधानसभेत आपण एकाच उमेदवाराला मत देतो. इथे पसंतीक्रमाने मतदान होतं: मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे.

समजा खुल्या गटात पाच जागा आहेत आणि ६,००० मतं वैध ठरली. जागांमध्ये एक मिळवायचा, म्हणजे सहा. ६,००० ला सहाने भागलं की १,०००. त्यात एक मिळवला की १,००१. हा झाला कोटा. ज्याला पहिल्या पसंतीची १,००१ मतं मिळतील तो निवडून आला. एखाद्याला १,३०१ मिळाली तर जास्तीची ३०० वाया जात नाहीत. त्याच्या मतदारांनी २ हा आकडा ज्यांच्यापुढे लिहिला त्यांच्याकडे ती त्या प्रमाणात जातात. मग सर्वांत कमी मतं असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे सरकतात. पाचही जागा भरेपर्यंत हे चालतं, म्हणून मोजणी रात्रभर लांबते. कुठल्याही एका फेरीचा आकडा पाहून 'अमका हरला' असं म्हणायची घाई करू नये.

चुका ठरलेल्या आहेत. सवयीने बरोबरची खूण किंवा फुली केली की मत बाद. दोन नावांपुढे १ लिहिला की बाद. २ आणि ३ लिहिले पण १ कुठेच नाही, तरी बाद. उलट फक्त १ लिहून पुढचं कोरं सोडलं तर मत वैध असतं, पण तुमचा उमेदवार लवकर बाद झाला की तुमची मतपत्रिका पुढच्या मोजणीतून बाहेर पडते. शिकलेल्या मतदारांच्या निवडणुकीतही बाद मतं निघतात ती यामुळेच.

संघटित पॅनेल आपल्या मतदारांना आधीच वाटून देतं: या भागातल्यांनी अमक्याला १ द्यायचा, त्या भागातल्यांनी तमक्याला. त्यामुळे मतं एकाच नावावर साचत नाहीत. सुटा, चांगला, पण पाठीशी यंत्रणा नसलेला उमेदवार इथेच मागे पडतो.

## पदवी आहे, तरी मत का नाही?

पदवी मिळाली म्हणून नाव मतदारयादीत येत नाही. 'नोंदणीकृत पदवीधर' होण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. विद्यापीठ ठरावीक मुदतीत नोंदणी उघडतं, अर्जासोबत पदवीचा पुरावा लागतो, छाननी होते, कच्ची यादी लागते, हरकती मागवतात आणि मग अंतिम यादी. मुदत गेली की पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबावं लागतं. आधी कधी तरी नोंदणी केली होती म्हणून निश्चिंत राहू नये. नव्या निवडणुकीच्या वेळी यादी नव्याने होते तेव्हा जुनी नावं गळतात.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. मुंबई विद्यापीठ मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत पसरलेलं आहे आणि वर्षाला दीड लाखाच्या आसपास पदव्या देतं. २०२४ च्या पदवीधर गटाच्या यादीत मतदार होते १३ हजारांहून थोडे अधिक. त्यांपैकी निम्म्याहून जरा जास्त लोकांनी मत दिलं. एवढ्या छोट्या यादीत ज्याने नोंदणीचे अर्ज भरून घेतले त्याच्या बाजूने निकाल झुकणारच. सिनेटमध्ये पक्षांचं राजकारण शिरलं अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी यादीत आपलं नाव आहे का ते पाहावं. पक्षांनी कष्टाने नोंदणी केली. इतरांनी केली नाही.

## खुर्ची रिकामी असते तेव्हा निर्णय थांबत नाहीत

पद्धतीचा खरा कमकुवतपणा इथे आहे. निवडून आलेली अधिसभा नसली म्हणून विद्यापीठ बंद पडत नाही. परीक्षा होतात, टेंडरं निघतात, शुल्क ठरतं. फक्त ते ठरवताना विचारणारं कोणी नसतं.

कायद्याच्या कलम १२(७) मध्ये कुलगुरूंना एक अधिकार आहे. तातडीची गरज असेल किंवा विद्यापीठाच्या हितासाठी लगेच पाऊल उचलणं भाग असेल, तर ज्या मंडळाचा तो विषय आहे त्याची वाट न पाहता ते निर्णय घेऊ शकतात आणि नंतर त्या मंडळाला कळवतात. तरतूद आवश्यकच आहे. पुरात परीक्षा पुढे ढकलायला बैठक बोलवत बसता येत नाही. पण मंडळंच रिकामी असली की 'बारा-सात' ही नेहमीची वाट होऊन बसते. विद्यापीठांच्या परिपत्रकांतली पहिली ओळ वाचायची सवय लावा. निर्णय कुठल्या परिषदेच्या कोणत्या तारखेच्या ठरावाने झाला की १२(७) खाली झाला, ते तिथे लिहिलेलं असतं.

२०१७ चा उन्हाळा आठवा. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत एकदम सगळीकडे लागू केली. उत्तरपत्रिका लाखोंच्या संख्येत होत्या, प्राध्यापकांची तयारी अपुरी होती आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढच्या प्रवेशासाठी, परदेशी जाण्यासाठी ज्यांना गुणपत्रिका हवी होती त्यांचे हाल झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या सगळ्या काळात पदवीधरांनी निवडून दिलेले सदस्य सभागृहात नव्हते, कारण नव्या कायद्याखालची त्या गटाची निवडणूक मार्च २०१८ मध्ये झाली. निवडून आलेली सिनेट असती तर हा घोळ टळलाच असता, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण 'आधी एका विद्याशाखेत करून बघितलं का? किती शिक्षकांना प्रशिक्षण दिलं? बिघडलं तर पर्याय काय?' हे प्रश्न परीक्षेआधी नोंदीवर यायला हवे होते. ज्या प्राध्यापकांना ती तपासणी करायची होती आणि परीक्षा भवनातल्या ज्या कर्मचाऱ्यांना गठ्ठे हाताळायचे होते, त्यांना उत्तरं ठाऊक होती.

मुदतीचा नियम हे नुकसान वाढवतो. सदस्यांची मुदत पाच वर्षांची आणि ती १ सप्टेंबरपासून मोजली जाते, सदस्य प्रत्यक्ष कधी निवडून आला याच्याशी तिचा संबंध नाही. आधीची मुदत ३१ ऑगस्ट २०२२ ला संपली; चालू मुदत ३१ ऑगस्ट २०२७ ला संपते. म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये निवडून आलेल्या मुंबईच्या पदवीधर सदस्यांना पाचऐवजी जेमतेम तीन वर्षं मिळाली. निवडणूक लांबवणाऱ्याला कायदा बदलावा लागत नाही. नुसता वेळ गेला तरी प्रतिनिधित्व आपोआप आटतं.

## विद्यार्थ्यांना कारभारातलं काय कळतं?

हा आक्षेप नेहमी येतो आणि त्यात तथ्यही आहे. तीन वर्षांत निघून जाणाऱ्या मुलाला पाच वर्षांच्या आराखड्याची काळजी का असावी? पण अंतर्गत गुण वेळेवर भरले जातात का, प्रयोगशाळेतलं यंत्र गेली दोन सत्रं बंद आहे का, शेवटची बस सुटल्यावर तास ठेवला जातो का, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्याला विद्यापीठ चालवायला कोणी सांगत नाही. त्याने ही माहिती योग्य टेबलापर्यंत न्यावी, एवढंच अपेक्षित आहे.

कायद्याने ही दारं उघडी ठेवली आहेत, पण अरुंद. अभ्यास मंडळात अभ्यासक्रम बनवताना किंवा बदलताना दोन विद्यार्थ्यांना निमंत्रित म्हणून बोलवायचं असतं, शक्यतो आधीच्या वर्षी पदवी आणि पदव्युत्तर परीक्षेत वरचे आलेले. तेही एका बैठकीपुरतं. ज्याला विषय जड गेला त्याचं म्हणणं त्या खोलीत पोहोचतच नाही.

कलम ९९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदेची थेट निवडणूक आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची पाच मतं: वर्गप्रतिनिधी, अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनी प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी. १९९० च्या दशकात हाणामाऱ्यांमुळे महाराष्ट्रात थेट निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका सुरू झाल्या. नव्या कायद्याने निवडणूक परत आणली. २०१९ मध्ये वेळापत्रकही लागलं, पण विधानसभेच्या निवडणुकीमुळे ते पुढे ढकललं गेलं. मग कोविड आला आणि त्यानंतरही वर्षामागून वर्षं तशीच गेली.

इथल्या रिकाम्या खुर्चीचा साखळीसारखा परिणाम होतो. महाविद्यालयात परिषद नाही म्हणून विद्यापीठ विद्यार्थी परिषद नाही. ती नाही म्हणून अधिसभेतल्या त्या दोन जागा नाहीत.

## निवडणूक म्हणजे पुन्हा मारामाऱ्या, नाही का?

याचं उत्तर विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने दिलेलं आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये ते देशभर लागू केलं. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपर्यंत. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत. छापील पोस्टरला बंदी. हाताने केलेलं चालेल, तेही ठरलेल्या जागीच. उमेदवाराची हजेरी ७५ टक्के हवी, विषय राहिलेले नकोत, गुन्ह्याची नोंद नको. पदवीसाठी वय १७ ते २२. पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहता येतं. निवडणूक सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत उरकायची, म्हणजे अभ्यास बुडत नाही.

नियम पाळले जात नाहीत ते बहुतेक एका कारणाने. खर्चाचा हिशेब कोण तपासणार हेच ठरलेलं नसतं. प्राचार्यांनी दोन शिक्षक आणि एक लेखा कर्मचारी यांना आधीच नेमून दिलं, तर ५,००० ची मर्यादा कागदावर राहत नाही. मुलांना मत द्यायला अठराव्या वर्षी लोकसभा चालते आणि महाविद्यालयाची परिषद चालत नाही, हे समजण्यापलीकडचं आहे.

## मग सगळ्यांना सारखंच मत का देऊ नये?

कारण सगळे निर्णय सारखे नसतात. जर्मनीत १९६० च्या दशकाअखेरच्या विद्यार्थी चळवळीनंतर काही राज्यांनी प्राध्यापक, सहायक शिक्षक, विद्यार्थी आणि कर्मचारी अशा गटांना मंडळांत वाटा दिला. प्राध्यापक न्यायालयात गेले. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने १९७३ मध्ये सांगितलं की गटांनी मिळून विद्यापीठ चालवायला हरकत नाही. पण शिकवण्याच्या प्रश्नांत प्राध्यापकांचं वजन निम्मं हवं आणि संशोधन व प्राध्यापकांच्या नेमणुकीत निम्म्याहून जास्त. मला ही विभागणी पटते. प्रश्नपत्रिकेचा दर्जा मतदानाने ठरू नये, वसतिगृहाची वेळ मात्र तिथे राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय ठरू नये. आपल्याकडेही विद्या परिषदेत विद्याशाखांचे जे शिक्षक निवडून जातात त्यांना अध्यापनाच्या दीर्घ अनुभवाची अट आहे, ती याच विचाराने.

## तुमच्या महाविद्यालयातली समिती

सिनेट दूर वाटते. प्रत्येक संलग्न महाविद्यालयात मात्र कलम ९७ खाली महाविद्यालय विकास समिती असावीच लागते. सगळे तिला सीडीसी म्हणतात. १९९४ च्या कायद्यातल्या स्थानिक व्यवस्थापन समितीची जागा तिने घेतली. शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी हे तिघेही सभासद म्हणून एका टेबलाभोवती बसतात ते इथे, म्हणून तिच्याकडे जरा जवळून पाहू.

एकूण १५ खुर्च्या. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, किंवा त्यांनी पाठवलेले प्रतिनिधी. प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन शिक्षक, त्यांत किमान एक महिला. कर्मचाऱ्यांनी आपल्यातून निवडलेला एक शिक्षकेतर कर्मचारी. शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक लोक. ते संस्था नेमते आणि त्यांत किमान एक माजी विद्यार्थी हवा. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव. प्राचार्य सदस्य-सचिव.

गणित करा. संस्था आणि प्राचार्य यांच्या बाजूच्या खुर्च्या नऊ होतात, निवडून आलेल्या सहा. विद्यार्थी परिषदच नसेल तर चार. बहुमत संस्थेचंच राहतं आणि ते कायद्याला मान्य आहे. निवडून आलेल्यांच्या हाती मतांपेक्षा दुसरं एक साधन आहे: विषय कागदावर आणणं.

समितीच्या वर्षात किमान चार बैठका व्हाव्या लागतात. महाविद्यालयाचा अर्थसंकल्प, विकासाचा आराखडा, विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांच्या कल्याणाच्या शिफारशी, वार्षिक अहवाल हे तिचे विषय. प्रत्यक्षात काय बिघडतं? विषयपत्रिका आदल्या दिवशी हातात पडते. 'आयत्या वेळचे विषय' यात सगळ्यात महत्त्वाचा विषय येतो. बैठक चहाच्या वेळेत आटोपते. इतिवृत्त पुढच्या बैठकीपर्यंत कोणी पाहत नाही. शिक्षकांचे तीन प्रतिनिधी निवडायला मतदानच होत नाही. स्टाफ रूममध्ये तीन नावं सुचवली जातात आणि सगळे मान डोलावतात. नॅकचं, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, मूल्यांकन जवळ आलं की चार बैठकांचे कागद एकदम तयार होतात, कारण तिथे कारभारातल्या सहभागाला गुण आहेत.

निवडून आलेल्या सभासदाने करायच्या गोष्टी साध्या आहेत. विषय तोंडी सांगू नये. बैठकीच्या आधी सदस्य-सचिवांना, म्हणजे प्राचार्यांना, लेखी द्यावा आणि प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. विषयात मागणी आकड्यांत असावी. 'स्वच्छतागृहांची अवस्था सुधारावी' या वाक्यावर काहीच होत नाही. 'दुसऱ्या मजल्यावरची तीन स्वच्छतागृहं जूनपासून बंद आहेत, दुरुस्तीचा अंदाजित खर्च किती आणि तो कोणत्या शीर्षाखाली धरला आहे' याला उत्तर द्यावंच लागतं. ठराव मान्य नसेल तर विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगावं. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त कायम करताना ते शब्द आहेत ना, हे वाचून बघावं. नसतील तर तिथेच दुरुस्ती मागावी, कारण एकदा ते कायम झालं की बोलायला आधार राहत नाही.

शिक्षकेतर सभासदाकडे बहुतेक समित्यांत सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. शिष्यवृत्तीचे अर्ज कुठे अडतात, परीक्षा अर्जाच्या शेवटच्या तारखेला खिडकीवर रांग का लागते, कोणत्या विभागाचे गुण दर वेळी उशिरा येतात हे त्यालाच माहीत असतं. त्याला एकच खुर्ची आहे आणि समोर त्याचेच वरिष्ठ बसलेले असतात. शिक्षकांच्या तीन प्रतिनिधींनी बैठकीआधी त्याच्याशी अर्धा तास बोलून त्याचा मुद्दा आपल्या लेखी विषयात घेतला तर त्याच्यावरचा ताण हलका होतो.

बाहेरच्या माणसाला, म्हणजे पालकाला किंवा माजी विद्यार्थ्याला, हे कागद पाहायचे असतील तर विद्यापीठ आणि अनुदानित महाविद्यालयं माहिती अधिकार कायद्याखाली येतात. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. ती ओलांडली की अर्ज परत येण्याचं निमित्त मिळतं. 'गेल्या दोन शैक्षणिक वर्षांतल्या महाविद्यालय विकास समितीच्या सर्व बैठकांच्या विषयपत्रिका, उपस्थितीपट आणि इतिवृत्तांच्या प्रती' एवढं एक वाक्य पुरतं. उपस्थितीपट विसरू नका. कोणत्या खुर्च्या रिकाम्या होत्या ते त्यावर दिसतं.

## एवढ्या समित्यांमुळे कामं रेंगाळत नाहीत का?

काही रेंगाळतात. नवा अभ्यासक्रम अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद अशा पायऱ्या चढतो आणि जून उजाडला तरी पुस्तकं यायची असतात. पण बराचसा उशीर बैठका वेळेवर न लावल्यामुळे होतो, बैठका असल्यामुळे नव्हे. घाईत घेतलेला निर्णय उलटवायला लागणारा वेळ कुणी मोजत नाही. २०१७ च्या निकालांनी तो मोजून दाखवला.

## खासगी आणि स्वायत्त संस्थांचं काय?

खासगी विद्यापीठांना हा कायदा लागू नाही. त्यांचा कायदा वेगळा आहे आणि त्यात नियामक मंडळ, व्यवस्थापन मंडळ, विद्या परिषद असते. पदवीधरांनी निवडून दिलेली अधिसभा नसते. प्रवेश घेताना शुल्काबरोबर हेही विचारात घ्यावं. गोवा विद्यापीठात नावं वेगळी आहेत, तिथे सिनेटऐवजी 'कोर्ट' आणि व्यवस्थापन परिषदेऐवजी कार्यकारी परिषद, पण रचनेमागचा विचार तोच.

स्वायत्त महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढते आहे. स्वायत्तता मिळाली की अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद विद्यापीठातून महाविद्यालयाच्या आवारात येते. नियामक मंडळ आणि वित्त समितीही तिथेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर पुढच्या पंधरा वर्षांत सगळ्याच संस्थांनी स्वतःच्या नियामक मंडळाखाली स्वतंत्र व्हावं, अशी दिशा आहे. याचा अर्थ सात जिल्ह्यांसाठी एका सभागृहात विचारले जाणारे प्रश्न उद्या शेकडो छोट्या खोल्यांत विचारावे लागतील, आणि त्या खोल्यांत वार्ताहर नसतात. तुमचं महाविद्यालय स्वायत्त झालं असेल तर त्याच्या संकेतस्थळावर चारही मंडळांच्या सदस्यांची नावं आणि इतिवृत्तं आहेत का ते पाहा. नावं असतील आणि इतिवृत्तं नसतील, तर माहिती अधिकाराचं वरचं वाक्य त्या मंडळांच्या नावाने पुन्हा लिहा.